आमच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेला निधी मिळावा म्हणून आमदारांकडे काय आणि कसं मागावं?

नुसतं ‘शाळा सुधारा’ असं निवेदन देऊ नका, ते फाइलीत पडून राहतं. आधी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे तिच्यात ७५ टक्के पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करायचं काम तिचंच आहे. अनुदानाचा आधार हाच आराखडा. तो ठरावासह जोडा, फोटो लावा.

यावल तालुक्यातल्या आमच्या शाळेत पावसाळ्यात दोन वर्ग एकाच खोलीत बसायचे. तिसरीची पोरं भिंतीकडे तोंड करून पाढे म्हणायची, कारण दुसऱ्या खोलीत बादल्या मांडलेल्या असत. हे असंच्या असं लिहा, तारखेसकट.

आमदारांना दोन गोष्टी स्पष्ट मागा: स्थानिक विकास निधीतून खोली दुरुस्ती, आणि अर्थसंकल्पी अधिवेशनात शाळांच्या तरतुदीवर बोलणं. दुसरी जास्त महत्त्वाची. एक खोली होईल, पण शिक्षकांच्या रिकाम्या जागा सभागृहात प्रश्न विचारल्याशिवाय हलत नाहीत. कोठारी आयोगाने १९६६ मध्येच शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च सांगितला होता. २०२० च्या धोरणातही तोच आकडा आहे. हे त्यांना जरूर ऐकवा.

अधिवेशन साधारण मार्चच्या सुमारास असतं, म्हणून केळीची कामं सांभाळून जानेवारीतच जा. आणि आयांना सोबत न्या. नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या कित्येक पाड्यांवर तर जिल्हा परिषदेच्या शाळेशिवाय पोरांना जवळ दुसरी शाळाच नाही, तिथलेही पालक आपापल्या आमदारांकडे असेच गेले तर फार बरं.