आधी नग मोज

अरे, रबाळे एमआयडीसीत संरक्षणाच्या कामाची पहिलीच फाईल तुझ्या हाती आली, छान! आता चाचण्यांचं पान उघड. नुसतं ‘जेएसएस ५५५५५ प्रमाणे’ (लष्करी इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या पर्यावरणीय चाचण्यांचं मानक) लिहून भागत नाही. कंपन, धूळ, खारट फवारा, ईएमआय (विद्युतचुंबकीय व्यत्यय): प्रत्येकासाठी उपकरणाचे नग किती, प्रयोगशाळा कुठली, तारीख पक्की का?

मी आधी नग मोजतो. दोनच नमुने, आणि दोन्ही कंपनाच्या टेबलावर चढवले, तर ईएमआयला काय पाठवणार, रिकामा डबा? आमचा एक तिथेच तडकला आणि वेळापत्रक चार महिने लटकलं.

मैदानी चाचण्यांचं दुखणं वेगळं. पोखरणची उन्हाळी चाचणी हुकली की थेट पुढचा उन्हाळा. ओडिशातल्या चांदीपूर चाचणी क्षेत्राच्या तारखाही आपल्या सोयीने मिळत नाहीत.

२०२० मध्ये केंद्राने चाचणी सुविधांसाठी ४०० कोटींची योजना आणली, ७५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची. चांगलंच आहे, पण तुला हवं ते यंत्र आज चालू आहे का, हे फोन करून विचार.

फेरचाचणीचे पैसे बाजूला ठेवलेत का तेही बघ. ‘पहिल्याच फटक्यात पास’ असं गृहीत धरलेलं दिसलं, तर फाईल घेऊन संध्याकाळी कोपरखैरण्याला ये. चहा माझा, लाल पेन तुझं.