भाकरी चिरतेय? आधी पीठ बघ

प्रश्न : ताई, ज्वारीची भाकरी थापायला घेतली की कडेला चिरा पडतात, उचलताना तुटते आणि फुगत तर कधीच नाही. पीठ दुकानातलं पाकिटातलं वापरते. चपात्या मस्त जमतात मला, मग भाकरीचंच काय बिघडतंय?

उत्तर : अगं, मला पहिला संशय त्या पाकिटावरच येतोय. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं, त्यामुळे पीठ ताजं असेल तरच थापताना धरून राहतं, जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जातो आणि मग कितीही मळ, चिरा पडणारच. त्यापेक्षा शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी आण आणि गिरणीतून आठ-दहा दिवसांपुरतंच दळून घे. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी मिळाली तर सोडू नकोस, 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय तिला आणि चवीला अशी गोड की नुसत्या ठेच्याबरोबर भाकरी संपते.

पाणी कोमट नको, चांगलं कढत घे. साधारण 70 अंशांच्या आसपास ज्वारीतला स्टार्च फुगून चिकट होतो, भाकरी त्याच्यावरच तर टिकते. वाटीभर पिठाला पाऊण वाटीच्या आसपास लागतं, पण थोडं थोडंच घाल, आधी चमच्याने कालव, मग हाताला सोसेल तसं परातीत तळव्याने रगडून रगडून मळ. गोळा दाबून बघ, कडा फाटल्या तर अजून मळायला हवंय. आणि सगळं पीठ एकदम भिजवून ठेवू नकोस, एकेका भाकरीपुरतंच घे.

आता फुगण्याचं. तवा नीट तापू दे, पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी टाक, लगेच पाण्याचा हात फिरव आणि पाणी सुकत आलं की उलट. इथेच बहुतेकींना उशीर होतो, पाणी पार आटलं की वरची बाजू तडकते, वाफ तिथून निघून जाते, मग फुगणार कशी? दुसरी बाजू मात्र निवांत भाजू दे, डाग पडेपर्यंत, मग तवा उतरवून पहिली बाजू थेट आचेवर धर, टम्म फुगेल.

घरात आहे ते पीठ फेकू नकोस हं. पाणी उकळून त्यात मीठ-पीठ घाल, गॅस बंद करून पाच-दहा मिनिटं झाकून ठेव आणि त्या उकडीची भाकरी कर. तरी नाहीच जमली तर कांदा-कोथिंबीर, थोडं बेसन घालून थालीपीठ लाव.