काकडीवरचा व्हायरस: बियाणे, हात आणि कात्री

काकडीच्या पानांवर हिरवे-पिवळे डाग दिसले, की तेच गैरसमज घेऊन प्रश्न येतात. त्यातले काही.

दुकानदाराने 'व्हायरसचे औषध' दिले आहे. किती वेळा फवारू?
एकदाही नको. रोगट वेल बरा करणारे औषध नाही. बाटलीत अन्नद्रव्ये असली तर पाने चार दिवस हिरवी दिसतात. तेवढ्यात रोग पुढच्या ओळीत जातो.

शेडनेटमध्ये मावा नाही, पांढरी माशी नाही. तरी रोग ओळीने पसरतोय. कसा?
तुमच्याच हातांनी. 'सीजीएमएमव्ही' (काकडीच्या पानांवर हिरवे ठिपके-डाग आणणारा मोझॅक विषाणू) या विषाणूची पहिली नोंद 1935 मध्ये इंग्लंडमध्ये काकडीवरच झाली. त्याला पसरायला किडीची गरज लागत नाही. तो बियाण्याच्या सालीवर येतो, सुरुवातीला मोजकीच रोपे रोगट होतात. मग आपण बगलफुटी (पानांच्या बगलेतले कोंब) खुडतो, नखाला रस लागतो आणि त्याच नखाने पुढचा वेल खुडतो. कात्री, सुतळी, कपडे, सगळ्यांवरून तो जातो. म्हणून निरोगी ओळींचे काम आधी, संशयित ओळींचे शेवटी. हात साबणाने धुवा. लिटरभर पाण्यात साय काढलेल्या दुधाची 200 ग्रॅम भुकटी कालवा आणि प्रत्येक वेलानंतर कात्री त्यात बुडवा. नमुना कृषी विज्ञान केंद्राला विचारून प्रयोगशाळेत द्या. डोळ्यांनी विषाणू ओळखता येत नाही. पण अहवाल येईपर्यंत त्या वेलांना हात लावू नका. 'आठवडाभर बघू' म्हणत अख्खे प्लॉट गेलेले मी पाहिले आहेत.

घरचे बी गरम करून पेरले तर चालेल?
रोगट प्लॉटचे बी धरूच नका. कोरड्या उष्णतेची प्रक्रिया 72 अंशांवर 72 तास चालते, तीही नियंत्रित यंत्रात. तव्यावर किंवा उन्हात उगवण जाईल, विषाणू राहील.

त्याच जागी लगेच कलिंगड लावू का?
नको. दुधी, खरबूजही नको. मुळांच्या अवशेषांत विषाणू टिकतो. पीक बदल सहायक कृषी अधिकाऱ्यांशी (पूर्वीचे कृषी सहायक) बोलून ठरवा.

बियाणेच रोगट होते. भरपाई मिळेल?
अहवालाशिवाय सांगता येणार नाही. पक्के बिल, लॉट नंबर असलेली पिशवी आणि उरलेले बी जपा. संशय आला त्याच दिवशी तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. पाहणी झाली की रोगट वेल मुळासकट जागेवरच पिशवीत भरा, ओळींमधून ओढत नेऊ नका.