४० नॅनोमीटरची फिल्म आणि ७१ अंशांचा टीजी: आधी जाड फिल्म मोजा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. सिलिकॉनवर पॉलिस्टायरीन या प्लास्टिकची ४० नॅनोमीटरची फिल्म, टोल्युइन या द्रावकातून स्पिन केलेली (म्हणजे फिरत्या वेफरवर द्रावण टाकून पसरवलेली), एलिप्सोमीटरवर (प्रकाशानं फिल्मची जाडी मोजणाऱ्या यंत्रावर) टीजी, म्हणजे काचेसारखं कडक प्लास्टिक मऊ व्हायला लागतं ते तापमान, ७१ अंश सेल्सिअस, आणि गाइड म्हणतायत की हाच कन्फाइनमेंट इफेक्ट, म्हणजे फिल्म फार पातळ असल्यामुळे टीजी बदलणं, पेपर लिहायला घ्या. तुम्ही परभणीत बसून जे लिहिलंय ते मी काही वर्षांपूर्वी अंबाजोगाईत बसून भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो. स्पिनचा वेग, वेफर धुणं वगैरे सोडून देतो, ते तुम्हाला येतंच.

पेपर लिहू नका. निदान आत्ता तरी नको.

पातळ पॉलिस्टायरीन फिल्मचा टीजी जाडीनुसार किती घटतो यावरचं केडी, जोन्स आणि कोरी यांचं १९९४ चं काम तुम्ही वाचलेलं असणार. त्यांच्या सूत्रात ४० नॅनोमीटर घालून बघा, घट येते चार अंशांच्या आसपास. जाड पॉलिस्टायरीनचा टीजी शंभराच्या आसपास, त्या शंभराचे ९६ होतील, ७१ नाही. दोन्ही बाजूंनी मोकळ्या असलेल्या फिल्ममध्ये घट कितीतरी मोठी मिळते, फॉरेस्ट आणि डचर यांच्या गटानं १९९६ मध्ये ती दाखवलीच. पण तुमची फिल्म एका बाजूनं सिलिकॉनवर बसलेली आहे. मोकळ्या पृष्ठभागालगतच्या काही नॅनोमीटरमधल्या पॉलिमरच्या साखळ्या (लांब रेणू) लवकर हलायला लागतात, आणि फिल्म पातळ होत जाईल तसा त्या थराचा वाटा वाढतो. ४० मध्ये तो वाटा एवढा नसतो की अख्खी फिल्म तीस अंशांनी खाली यावी.

आता माझी चूक सांगतो, कारण ती मला सव्वा वर्षाला पडली.

माझी फिल्म ३५ नॅनोमीटरची होती, आकडा आला ७४. मी फिल्म साध्या ओव्हनमध्ये ६० अंशांवर तासभर ठेवून 'वाळवली' होती. काच अवस्थेतल्या पॉलिस्टायरीनमधून टोल्युइन इतक्या सहज निघत नाही. टीजीच्या वर नेल्याशिवाय ते धरून बसतं, आणि दोनचार टक्के जरी उरलं तरी टीजी सपाटून खाली येतो. वर स्पिन करताना साखळ्यांत बसलेला ताण असतो तो वेगळाच. मी नॅनोमीटरची करामत म्हणून जे बघत होतो ते बहुतेक टोल्युइन होतं.

हे एका दिवसात कळलं असतं, जर द्रावणाच्या त्याच बाटलीतून, त्याच दिवशी एक २०० नॅनोमीटरची फिल्म केली असती आणि तशीच मोजली असती. त्या जाडीला पॉलिस्टायरीननं आपला नेहमीचा टीजी द्यायलाच पाहिजे. मी ती केली नाही. कारण पैसे. आमच्याकडे एलिप्सोमीटर नव्हता, दुसऱ्या शहरातल्या एका उपकरण केंद्रात नमुने पाठवावे लागत आणि तिथे फी दर नमुन्याला. जाड फिल्मचं उत्तर माहीतच आहे, मग तिच्यावर पैसे कशाला, असा हिशेब मी केला. चूक इथेच झाली.

त्या केंद्राचं नाव लिहीत नाही, पण मन अजून शांत झालेलं नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं नमुने न्यायचे, खिडकीत द्यायचे, आणि तीन आठवड्यांनी एका ओळीचा कागद यायचा: जाडी इतकी, टीजी इतका. तापमानागणिक जाडीची मूळ फाइल मागितली तर 'द्यायची पद्धत नाही.' अर्ज केला, विभागप्रमुखांची सही आणा म्हणाले. सही नेली, तर प्राचार्यांची आणा. चार महिने गेले. शेवटी फाइल मिळाली तेव्हा दिसलं की नमुना आला तसाच एकदा तापवलाय, मिनिटाला १० अंशांनी, आणि त्या पहिल्याच तापवण्यात जिथे जाडीच्या आलेखाचा चढ बदलून वाक दिसला तो टीजी म्हणून लिहून दिलाय. त्या आलेखात फिल्म तापताना फुगायच्या ऐवजी एका टप्प्यावर आकसत होती. द्रावक निघून जात होतं हे फाइल बघणाऱ्या कुणालाही दिसलं असतं. एका विद्यार्थ्याचं वर्ष त्या कागदावर अवलंबून आहे, एवढं तरी कुणी ध्यानात घ्यायला हवं होतं.

म्हणून नमुना देण्याआधीच लेखी ठरवा: मूळ फाइल मिळणार, आधी टीजीच्या वर नेऊन मग सावकाश थंड करताना मोजणार, आणि थंड करण्याचा वेग किती ते कागदावर येणार. वेग दसपट बदलला तर टीजी साधारण तीन अंश सरकतो, आणि तुम्ही शोधताय तो फरकच चार अंशांचा आहे. ४० नॅनोमीटरच्या फिल्ममध्ये सगळ्या तापमानपट्ट्यात जाडी बदलते ती जेमतेम एक नॅनोमीटर, वाक त्यातच शोधायचा असतो.

नंतर मी सगळ्या फिल्म व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १२० ला रात्रभर ठेवल्या. जाड फिल्म ९९ ला आली, ३५ वाली ९४ ला. पाच अंशांची खरी घट.

दोन गोष्टी आपल्या भागापुरत्या. रात्री लाइट गेली तर पंप थांबतो आणि तेल ओव्हनकडे ओढलं जातं. मधला व्हॉल्व्ह आपोआप बंद होणारा नसेल तर कुणीतरी थांबावं. आणि उन्हाळ्यात धूळ. द्रावण ०.२ मायक्रॉनच्या टेफ्लॉन फिल्टरमधून गाळल्याशिवाय टाकू नका, कारण टीजीच्या वर गेल्यावर कणाभोवती फिल्मला भोकं पडून ती गोळा होते. तापवल्यावर मायक्रोस्कोपखाली बघाच. भोकं दिसली तर तो नमुना बाद.

मी पॉलिस्टायरीन आणि थोडं पीएमएमए (अॅक्रिलिक प्लास्टिक) यांपलीकडे काम केलेलं नाही, आणि आता ज्युनिअर कॉलेजवर शिकवतो, तेव्हा नवीन काही निघालं असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावं. पीएमएमए घेणार असाल तर जपून: सिलिकॉनच्या ऑक्साइडवर पातळ फिल्मचा टीजी उलट वाढतो, कारण तिथे हायड्रोजन बंध होतात, आणि सोन्यावर तोच खाली जातो. शिवाय ते हवेतलं पाणी घेतं, पावसाळ्यातले आकडे उन्हाळ्याशी जुळवत बसू नका.

गाइडना थेट 'चुकलं' म्हणू नका, जाड फिल्मचा आलेख समोर ठेवा. २०० नॅनोमीटरलाही ७०-७५ च आलं तर त्यांना वेगळं काही सांगावं लागणार नाही. आकडा आला की इथे टाका, वाळवण्याचं तापमान आणि वेळ यांसकट.