जवारी कानाला कळते, समीक्षकाला कशी कळवावी?

प्रश्न : मी सांगलीच्या एका महाविद्यालयात संगीत शिकवते. मिरजेच्या तंबोऱ्याच्या जवारीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून नादाला आणलेल्या झंकारावर, दोन वर्षे काम करून लिहिलेला शोधनिबंध मी परदेशातील एका इंग्रजी संशोधनपत्रिकेकडे पाठवला होता. पाच महिन्यांनी 'मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा' असे उत्तर आले. पहिल्या समीक्षकाने कौतुक केले आहे, दुसऱ्याने मात्र तीन पाने आक्षेप लिहिले आहेत. 'कारागिराचा कान सांगतो' हे विधान पुरावा म्हणून कसे धरायचे, पूर्वीच्या संशोधनाचा आढावा कुठे आहे, असे तो विचारतो. शिवाय 'जवारी'ऐवजी साधा इंग्रजी शब्द वापरा, असेही सुचवतो. ज्याने मिरज पाहिलेली नाही त्याला आणखी काय समजावून सांगायचे, असे वाटून निबंध मागे घ्यावा या विचारापर्यंत मी आले आहे. याच विषयावरचा माझा मराठी लेख एका दिवाळी अंकात येऊन गेला आहे, त्याचीही धास्ती वाटते.
— एक सहायक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : निबंध कृपा करून मागे घेऊ नका. संपादकाला नकोच असता तर त्याने दोन ओळींत नकार कळवला असता. मोठ्या दुरुस्त्या मागणे म्हणजे स्वीकृतीची हमी नव्हे, पण दार उघडे आहे एवढे नक्की. आणि तीन पाने आक्षेप लिहिणाऱ्या माणसाने, बहुधा एक पैसाही न घेता, आपला निबंध ओळ न् ओळ वाचला आहे. कौतुकाच्या चार ओळींपेक्षा ही तीन पाने आपल्या अधिक कामाची आहेत.

मी हे अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी ख्यालाच्या बंदिशींवरचा माझा एक निबंध परत आला, तेव्हा स्वराखालची आडवी रेघ काय दर्शवते, असे समीक्षकाने विचारले होते. भातखंडे यांच्या स्वरलेखन लिपीत ती कोमल स्वराची खूण आहे हे आपल्याकडे पहिल्या परीक्षेला बसणाऱ्या मुलालाही ठाऊक असते, म्हणून मला तो प्रश्न अपमानासारखा वाटला आणि दोन महिने मी त्या कागदांना हात लावला नाही. शेवटी चिन्हांचा तक्ता करायला बसलो तेव्हा दिसले की मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची, खूण मी दोन बंदिशींत दोन तऱ्हेने केली होती. त्या प्रश्नामुळेच ती चूक छापली जायची राहिली.

आपल्या दुसऱ्या समीक्षकाचा मुख्य आक्षेपही याच जातीचा आहे. कारागिराचा कान खोटा आहे, असे त्याचे म्हणणे नाही; त्या कानाने काय ऐकले आणि त्यावरून हाताने काय केले, हे कागदावर आलेले नाही, एवढेच तो म्हणतो. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या दुकानात बसून आपण जे पाहिले आहे तेच लिहा. कारागीर घोडीच्या पृष्ठावर कानस दोनदाच फिरवतो, तार छेडतो, तारेखालचा दोरा केसभर पुढे सरकवतो, पुन्हा छेडतो, मान हलवतो आणि पुन्हा कानस उचलतो. या प्रत्येक टप्प्यावर त्याने काय नाकारले आणि कुठे थांबला, हीच आपली सामग्री आहे. किती कारागीर, प्रत्येकाकडे किती बैठका, तंबोरा बाईंचा की बुवांचा, षड्ज कोणत्या पट्टीत, तार कोणत्या जाडीची, हे सारे सांगा. शक्य असेल तर त्याच तंबोऱ्याचे जवारी काढण्यापूर्वीचे आणि काढल्यानंतरचे ध्वनिमुद्रण घ्या, माइक तेवढ्याच अंतरावर ठेवा आणि सॉनिक व्हिज्युअलायझर किंवा प्रात यांसारख्या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत दोन्हींचे आलेख शेजारी शेजारी मांडा. वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर, कसे उजळतात आणि किती वेळ टिकतात, हे त्यात डोळ्यांना दिसते. मग 'कान सांगतो' हे वाक्य तसेच ठेवले तरी चालेल, कारण कान काय सांगतो हे वाचकाला पडताळता येईल. कारागिरांची नावे द्यायची असल्यास त्यांची लेखी संमती घ्या. माझ्या मते ती द्यावीतच. आयुष्यभराची विद्या सांगणाऱ्याला निबंधात 'एक माहितगार' म्हणून उरवणे बरे नव्हे.

पूर्वसंशोधनाच्या बाबतीत समीक्षकाचे म्हणणे मान्य करावे लागेल. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या टिपणाचा उल्लेख केल्यावाचून जवारीवर लिहिताच येणार नाही. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तिथे ज्या स्वरांशाचा निस्पंद (कंप पावताना स्थिर राहणारा बिंदू) येतो तो स्वरांश उमटू नये, हा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम. तंबोऱ्याच्या रुंद, वक्र घोडीवर मात्र तो स्वरांश स्पष्ट ऐकू येतो, हे रामन यांनी दाखवले. तिथून पुढे आपल्या निबंधाची जागा कुठली, हे एका परिच्छेदात सांगा. भौतिकशास्त्राने घोडीचा परिणाम समजावून दिला, आणि ती घोडी घडवणारा हात कसा निर्णय घेतो हे आपण सांगत आहात.

'जवारी' हा शब्द मात्र सोडू नका. समीक्षकाची प्रत्येक सूचना मान्य केलीच पाहिजे, असा नियम नाही. मान्य न करण्याचे कारण द्यावे लागते, इतकेच. ध्वनीचा तो गुण आणि तो साधण्याची क्रिया हे दोन्ही अर्थ या एका शब्दात आहेत आणि कोणताही इंग्रजी शब्द दोन्ही पेलत नाही, असे लिहा आणि पहिल्याच उल्लेखाला व्याख्या द्या.

दुरुस्त निबंधासोबतचे उत्तरपत्र निबंधाइतकेच काळजीपूर्वक लिहा. समीक्षकाचा प्रत्येक मुद्दा त्याच्याच शब्दांत उतरवून त्याखाली काय बदलले आणि कोणत्या पानावर कोणत्या ओळीत, हे नोंदवा. मुदत अपुरी वाटत असेल तर ती संपण्याआधी संपादकाकडे वाढवून मागा. दिवाळी अंकातल्या लेखाची माहिती संपादकाला आपणहून द्या आणि नव्या निबंधात अधिक काय आहे तेही सांगा. सांगितलेला लेख सहसा अडचण होत नाही, लपवलेला होतो. उत्तर येईपर्यंत हाच निबंध दुसऱ्या पत्रिकेकडे पाठवायचा नाही, हे आपण जाणताच.

प्रश्न : तीन हजार रुपये भरल्यास चार दिवसांत निबंध प्रसिद्ध करू, पत्रिका युजीसी केअर यादीत (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य संशोधनपत्रिकांच्या यादीत) आहे, असा संदेश मला आला आहे. पीएच.डी.साठी हे चालेल का?
— एक संशोधक विद्यार्थी, सातारा

उत्तर : पाठवू नका. युजीसीने केअर यादी २०२५ च्या फेब्रुवारीतच बंद केली असून पत्रिकेची पारख आता संस्थांवर सोपवली आहे, त्यामुळे तो दावा आज निरर्थक आहे. चार दिवसांत समीक्षक शोधून, त्याने निबंध वाचून, आपण दुरुस्त्या करणे होत नाही. पत्रिकेचा आठ आकडी आयएसएसएन क्रमांक (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) अधिकृत संकेतस्थळावर तपासा, मागचे दोन अंक स्वतः वाचा आणि संपादक मंडळातील एखाद्या प्राध्यापकाला आपले नाव तिथे आहे हे ठाऊक आहे का, असे पत्राने विचारा.

प्रश्न : गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकेचा तुकडा निबंधाला जोडता येईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. खाँसाहेब १९३७ साली वारले, तेव्हा त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांवरचा हक्क आपल्याकडे केव्हाच संपला आहे. पत्रिका अमेरिकेतली असेल तर मात्र तिथे १९२३ ते १९४६ या काळातील ध्वनिमुद्रणांना १०० वर्षांचे संरक्षण आहे, म्हणून संपादकाला आधी विचारावे. तुकडा मूळ तबकडीवरून घ्या, तबकडीचा क्रमांक द्या आणि ती कोणत्या वेगाने वाजवली हेही नोंदवा. त्या काळातल्या सगळ्याच तबकड्या नेमक्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित झालेल्या नाहीत, आणि वेग जरा चुकला की खाँसाहेबांची पट्टीच बदलते.