सहा माग, दोन वर्षं आणि २,४०० रुपये

पत्र सोलापुरातून आलं आहे. थोडं कापून देतो.

‘सर, मी इथंच बी.टेक. करतो. दुसरं वर्ष पास झालो. साखर पेठेत आमचे सहा माग आहेत, टॉवेल मजुरीवर विणतो. मार्चमध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात अजून उचलत नाही. आई विड्या वळते, बहीण अकरावीला. दवाखान्यासाठी ओळखीच्या माणसाकडून १,८०,००० रुपये शेकडा दोननं काढले. माझं एज्युकेशन लोन दोन वर्षांचं मिळून २ लाख झालंय. तिसऱ्या वर्षाला बसू की कॉलेज सोडून बाबांच्या जागी मागावर उभा राहू? बाबा काहीच बोलत नाहीत. कांडीच्या मशिनपाशी बसून डाव्या हातानं कांड्या (आडव्या धाग्याच्या नळ्या) लावत असतात.’

तू माझ्या मुलापेक्षा लहान आहेस, म्हणून अरे-तुरे करतो. पत्रासोबत वहीच्या पानावर घरखर्च मांडून पाठवलास, ते बरं केलंस. निम्मं उत्तर त्या पानावरच आहे.

तुझेच आकडे घेऊ. चार माग दोन कामगारांवर चालतात. त्यांचा पगार आणि लाइट बिल जाऊन प्रत्येक जोडीमागे ४,००० उरतात, म्हणजे ८,०००. आईचे ५,०००. महिन्याला घरात येतात १३,०००. खर्चाला किराणा, बिलं, बहिणीचा क्लास, तुझं पेट्रोल मिळून १५,५००, औषधं २,४०० आणि त्या १,८०,००० चं व्याज ३,६००. एकूण २१,५००. तूट ८,५००.

तिसरी जोडी मार्चपासून बंद आहे. बाबा ती स्वतः चालवायचे, तेव्हा तिच्यातून १४,००० सुटायचे. तू उभा राहिलास तर तेवढेच सुटतील, तूट भरून वर पैसे उरतील. हा तुझा हिशेब चुकलेला नाही. पण ते १४,००० नीट फोड. त्यातले ४,००० माग चालू झाल्याचे आहेत. त्या जोडीवर तू असलास काय किंवा दुसरा कुणी कामगार असला काय, ते येणारच. उरलेले १०,००० म्हणजे कामगाराचा वाचलेला पगार. कॉलेज सोडून तू जी नोकरी धरणार आहेस ती महिना दहा हजारांची आहे, आणि मालक घरचा असल्यामुळे पगारवाढ मागायची सोय नाही.

त्या दहा हजारांतूनही बँक आपला वाटा मागेल. शैक्षणिक कर्जाला शिक्षणाचा काळ आणि पुढे साधारण एक वर्ष हप्ता नसतो, कारण तू शिकतो आहेस असं बँक धरते. शिक्षण सोडलंस की ते गृहीतच जातं आणि बँक वसुली सुरू करू शकते. तुझे २ लाख, १० टक्के सरळ व्याजानं आजवरचे साधारण ३०,००० धरून २,३०,०००. दहा वर्षांचा हप्ता ३,०४० च्या आसपास. म्हणजे तुझ्या कॉलेज सोडण्यानं घराला खरा फायदा महिना ६,९६० रुपये.

आणखी एक गोष्ट शाखेत जाऊन विचार. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कर्ज बँकांच्या संघटनेनं ठरवलेल्या ‘मॉडेल’ शैक्षणिक कर्ज योजनेतलं असेल, तर शिकण्याच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. तुझ्या खात्यावर ती सवलत लागली आहे का? लागली असेल तर हेही माहीत असू दे, की अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडणाऱ्याला ती मिळत नाही. अपवाद वैद्यकीय कारणाचा, तोही संस्थाप्रमुखांना कागदपत्रं पटली तर. वडिलांचं आजारपण त्यात बसेल असं धरून मी तरी हिशेब करणार नाही.

आता घरातली खरी आग कुठं आहे ते बघ. तुझं शैक्षणिक कर्ज नव्हे, ते शेकडा दोन. तोंडानं दोन म्हणायला हलकं वाटतं, वर्षाचे चोवीस टक्के होतात. आईकडे चार तोळे आहेत असं तूच लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत ‘पण त्याला हात लावायचा नाही’ असंही लिहिलंस. मी विकायला सांगत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत तारण ठेवून तेवढेच १,८०,००० काढा आणि ते देणं एकरकमी मिटवा. दर १० टक्के धरला तर महिन्याचं व्याज १,५०० होतं. ३,६०० चे १,५००, म्हणजे २,१०० रुपये दर महिन्याला वाचले. पैसे परत करताना आपण सही केलेले कागद आणि कोरे चेक मोजून परत घ्या. आणि सोनं बँकेत गेलं म्हणजे विसरायचं नाही. मुदत संपताना व्याज भरून नूतनीकरण केलं नाही तर बँक लिलावाची नोटीस काढते. आईला हे आधी सांग, मग सही घे.

बाबांची पुढची तपासणी किंवा उपचार निघाले तर आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय बघा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, सगळे आजार मात्र त्यात नाहीत. दुसरं कर्ज निघता कामा नये.

तिसऱ्या जोडीसाठी कामगार शोधा. सोलापूरच्या पूर्व भागात आज हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे, मला माहीत आहे. नवी पोरं मागावर यायला तयार नसतात, ती डिलिव्हरीची बॅग पाठीला लावतात. तरी कॉलेज सुरू होईपर्यंत तू स्वतः उभा राहा आणि त्या मुदतीत माणूस बघ. बाबांचा हात गेला आहे, कान नाही. मागाच्या आवाजावरून धागा तुटल्याचं त्यांना कळत असणार. कामगारावर लक्ष ठेवायला घरात जाणता माणूस बसलेला आहे, आणि त्यांनाही कांड्यांपलीकडचं काम मिळेल.

कामगार मिळाला की ४,०००, व्याजाचे २,१००. तूट ८,५०० वरून २,४०० वर आली. हे २,४०० भागवण्यासाठी तू डिग्री सोडायला निघाला आहेस. गल्लीतल्या तीन दहावीच्या मुलांना गणित शिकवतोस आणि ‘ओळखीचे आहेत म्हणून’ पैसे घेत नाहीस, असं पत्रात एका ओळीत आलं आहे. घे. सहाशे-सहाशे घेतलेस तरी १,८०० झाले. आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या श्रम कल्याण विभागाची शिष्यवृत्ती आहे; इयत्तेप्रमाणे वर्षाला १,००० पासून २५,००० पर्यंत. तू फीची दुसरी सरकारी सवलत घेतोस, त्यामुळे तुला दोन्ही घेता येणार नाहीत. बहिणीचा अर्ज भर. रक्कम मोठी नाही, पण अकरावीच्या वह्या-पुस्तकांना हातभार लागेल.

दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर तू म्हणशील सर डिग्रीचे एजंट आहेत. उरलेली दोन वर्षं केलीस तर आणखी २ लाख उचलावे लागतील. व्याजाची सवलत काहीच नाही असं धरलं तर शिक्षण संपताना देणं ५ लाखांच्या घरात जाईल आणि दहा वर्षांचा हप्ता ६,६०० होईल. पहिला पगार मी २५,००० च धरतो. पुण्याला जावं लागलं तर खोली आणि मेसला दहा हजार. हातात उरतात ८,४००. पहिल्या वर्षी तू मागापेक्षा फार पुढे नसशील, हे आत्ताच कबूल करून टाकू. फरक पडतो तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तिकडे पगार हलतो. इकडे मजुरीचा दर कसा हलतो, ते बाबांना विचार.

कामगार मिळालाच नाही, किंवा आईनं सोन्याला ठाम नकार दिला, तर एक वर्ष थांब. थांब म्हणतो, सोड म्हणत नाही. माणूस तोच आणि घरी बसणं तेच, पण कागदावर या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. कॉलेजला खंडाचा लेखी अर्ज द्यायचा, शिक्का मारलेली पोच घ्यायची, तिची प्रत जोडून बँकेला पत्र द्यायचं. अभ्यासक्रम लांबला तर मॉडेल योजनेत दोन वर्षांपर्यंत मुदत वाढवून देण्याची तरतूद आहे, पण ती मागावी लागते. न सांगता बंद केलंस तर हप्ते चुकलेले दिसतील, ९० दिवसांनी खातं थकीत होईल आणि सहकर्जदार म्हणून बाबांचंही नाव खराब होईल. उद्या मागांसाठी कर्ज मागायला तेच जाणार आहेत. फीच्या सवलतीचंही बघ: शाहू महाराज शिष्यवृत्तीत दोन वर्षांचा खंड चालत नाही. शिवाय एक वर्ष थांबण्यात मागावर १,२०,००० वाचतात आणि पगाराचं एक वर्ष पुढं ढकललं जातं, ते वर्ष ३ लाखांचं.

मी स्वतः बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला कॉलेजात जायचं नुसतं बंद केलं होतं. अर्ज नाही, काही नाही. पाच वर्षांनी दाखला मागायला गेलो तर खिडकीतल्या कारकुनानं आधी न बसलेल्या वर्षाची फी मागितली. मी भरलीही. आज यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियम आहे, मूळ कागदपत्रं कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत. तरी अर्जाची पोच असली की भांडावं लागत नाही.

अगदीच सोडायची वेळ आली तर रिकाम्या हातानं निघू नकोस. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी काही जादा क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक, पूर्ण करावे लागतात. हे श्रेयांक साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन क्रेडिट बँकेत जमा झालेले क्रेडिट सात वर्षं धरले जातात. हे तुझ्या बॅचला लागू आहे का, ते परीक्षा विभागाकडून लेखी घे. मित्राच्या व्हॉट्सअॅपवर विसंबू नकोस.

शेवटी त्या ३१,००० बद्दल. व्यापाऱ्याकडे चार महिन्यांची मजुरी अडकली आहे आणि तू ती पत्राच्या समासात लिहिली आहेस, जशी काही ती आलीच नाही तरी चालेल. बाबांच्या नावानं उद्यम नोंदणी आहे का? नसेल तर आजच करा, ऑनलाइन आणि फुकट होते. नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि उशीर करणाऱ्याला पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. जुन्या मालाला याचा उपयोग होईलच असं नाही, पुढच्या मालाला होईल. जुन्यासाठी बाबांना सोबत घेऊन जा. ते बोलले नाहीत तरी चालेल, पेढीवर तुझ्याशेजारी बसू देत. पैसे आले की एक रुपयाही घरखर्चात घालू नकोस, थेट सोन्याच्या कर्जात भर. १,८०,००० चे १,४९,००० झाले की व्याज आणखी अडीचशेनं उतरेल. किती मिळाले ते कळव.