‘नॉर’ म्हणजे नॉर्मलच

प्रश्न आलाय: वनस्पतींतल्या ‘अनकॉमन पॉलिअमाइन्स’ना मराठीत ‘असामान्य’ म्हणावं का, त्यांच्यापैकी नॉरस्पर्मिडीनमधला ‘नॉर’ कुठला, आणि ही संयुगं बनतात कशी? (पॉलिअमाइन म्हणजे कार्बनच्या साखळीत दोन किंवा जास्त अमाइन, म्हणजे नायट्रोजनवाले गट असलेलं संयुग.)

‘असामान्य’ नको. असामान्य असते ती प्रतिभा, नाहीतर धैर्य. इथे सांगायचंय एवढंच की ती क्वचित सापडतात, ‘विरळ’ म्हणा. रागाला लावतो तसा ‘अनवट’ चालला तर मला आनंदच. फक्त ‘पॉलिअमाइड’ लिहू नका हो! ते नायलॉन. हा घोटाळा वाचून वाचून डोळे दुखले.

आता ‘नॉर’. भलीभली मंडळी छातीठोक सांगतात की हे जर्मन ‘एन ओने राडिकाल’चं, म्हणजे ‘नायट्रोजनवर मूलक (जोडलेला अणुगट) नाही’चं लघुरूप. ऐकायला झकास, पण मागाहून बसवलेलं. ‘नॉर’ हा ‘नॉर्मल’चा तुकडा. नॉरओपियानिक आम्ल घ्या: त्यात नायट्रोजन औषधालाही नाही, मग त्याच्यावरचं मूलक काढलं कुठून? आमचं नॉरस्पर्मिडीन तर घरचाच साक्षीदार. स्पर्मिडीन हे नेहमी आढळणारं पॉलिअमाइन, त्याच्या साखळीत ३ नायट्रोजन. त्यांच्यामध्ये एकीकडे ३ कार्बन, दुसरीकडे ४. त्या ४ मधला एक काढा, ३-३ झालं की नॉरस्पर्मिडीन. कार्बन गेला तो साखळीच्या पोटातून, नायट्रोजनवर लटकलेलं काहीच गेलं नाही. (उलट ३ चे ४ केले की ४-४, ते होमोस्पर्मिडीन.) म्हणजे ज्याला आपण अनवट म्हणतोय, त्याच्या नावातच ‘नॉर्मल’ बसलाय! जर्मनवाल्यांनी आधी हे कार्बन मोजावेत, मग बोलावं.

हां, बनतात कशी ते राहिलंच. होमोस्पर्मिडीन १९७१ साली चंदनाच्या पानांतून नोंदलं गेलं. वनस्पतींतलं ते बनवणारं विकर (एन्झाइम) स्पर्मिडीनचा ४ कार्बनांचा तुकडा, अमिनोब्यूटिल, उचलतं आणि प्युट्रेसिनला (४ कार्बन, दोन टोकांना नायट्रोजन) जोडतं. मागे उरतं ३ कार्बनांचं डायअमिनोप्रोपेन. डायअमिनोप्रोपेनला ३ कार्बनांचा अमिनोप्रोपिल तुकडा जोडला की नॉरस्पर्मिडीन. लसूणघास या चाऱ्याच्या पिकात ते सापडलंय, तिथे अमिनोप्रोपिल जोडण्याचा हाच मार्ग सुचवला गेला.

आणि लसूणघासात लसूण हुंगत बसू नका. माझ्या मते तो ‘ल्यूसर्न’ (त्याच पिकाचं इंग्रजी नाव) मराठी तोंडात घोळून झालेला शब्द आहे. वासावरून नाव पडलं म्हणणाऱ्यांनी एकदा ती पेंढी नाकाशी धरून बघावी.